आयआरक्यू ८ एकदाच येतो, आणि घड्याळात मधूनच ८० वाजतात

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. शिकण्यासाठी लिहिलेलं ३२ बिटी कर्नल खऱ्या मशिनवर चढवलंय. जुना इंटेल डेस्कटॉप, सीरियल पोर्ट आहे, सध्या एकच कोअर चालू. मांडणी अशी: दोन्ही ८२५९ पिक (उपकरणांचे इंटरप्ट सीपीयूकडे पोचवणाऱ्या चिप) वापरात, मास्टरचे व्हेक्टर (सीपीयूला मिळणारे इंटरप्ट-क्रमांक) हेक्स २० पासून, स्लेव्हचे हेक्स २८ पासून. पीआयटी (ठरावीक ठोके देणारा टायमर) चॅनल ० वर भाजक ११९३, म्हणजे साधारण १००० हर्ट्झ. आरटीसीचा (सेलवर चालणाऱ्या घड्याळ-चिपचा) नियमित इंटरप्ट १०२४ हर्ट्झवर, आयआरक्यू ८ या तारेवर. तीन अडचणी आहेत.

पहिली: आरटीसी हँडलरमध्ये फक्त गणक वाढवतो आणि ईओआय (इंटरप्टचं काम संपल्याची खूण) देतो. गणक १ होतो आणि तिथेच थांबतो. पीआयटी मात्र ठणठणीत चालू.

दुसरी: जुन्या एटी बायोसच्या रिवाजाप्रमाणे हँडलरमध्ये आरटीसीचं रजिस्टर सी वाचून, जाताना इंडेक्स (पोर्ट हेक्स ७० ला दिलेला रजिस्टर-क्रमांक, किंमत मग हेक्स ७१ वर मिळते) डी वर ठेवून बघितलं. इंटरप्ट वाहू लागले, पण आता स्क्रीनवरच्या घड्याळात दोन-तीन मिनिटांत एकदा तरी तास, मिनिट किंवा महिना ८० दिसतो. पुढच्या सेकंदाला पुन्हा बरोबर.

तिसरी: एचपीईटी (पीआयटीनंतरचा, जास्त बारीक टायमर) चालू केला की आयआरक्यू ८ पूर्ण गप्प. आरटीसीचं रजिस्टर बी तपासलं, सहावा बिट (नियमित इंटरप्ट चालू करणारा) १ च आहे.

हेक्स आकड्यांच्या आधी ‘हेक्स’ लिहिलंय, बाकीचे दशमान. उत्तरांतही तसंच लिहा कृपया, मागच्या धाग्यात ७० आणि हेक्स ७० यांचा घोळ होऊन चार पानं वाया गेली होती.

म्हापशेकर

पहिलीचं उत्तर तुम्हीच दुसरीत दिलंय, फक्त कारण सांगतो, म्हणजे परत चुकणार नाही.

आरटीसी चिप, मूळची मोटोरोलाची एमसी१४६८१८, इंटरप्ट उठवते तेव्हा आपली इंटरप्टची तार धरून ठेवते. ती सोडायची एकच खूण तिला कळते: कोणीतरी रजिस्टर सी वाचलं. वाचताक्षणी त्यातले झेंडे पुसले जातात आणि तार सुटते. पिकला ईओआय देणं हा वेगळा व्यवहार, तो सीपीयू आणि पिकमधला. आरटीसीला त्याची खबरही नसते. आता आयआरक्यू ८ हा एज ट्रिगर्ड, म्हणजे पिकला तारेची पातळी नको असते, बदल हवा असतो. तार सोडलीच नाही तर नवा बदल येणार कुठून? म्हणून एक इंटरप्ट आणि शुकशुकाट.

चालू करतानाही क्रम सांभाळा. इंटरप्ट बंद करा. हेक्स ७० ला हेक्स ८ए (रजिस्टर ए, वर सातवा बिट लावून) द्या, हेक्स ७१ वरून जुनी किंमत वाचा. पुन्हा हेक्स ८ए द्या, मग जुन्या किमतीचा वरचा अर्धा भाग तसाच ठेवून खालच्या चार बिटांत ६ भरून लिहा. ६ म्हणजे १०२४ हर्ट्झ. सूत्र: ३२७६८ ला (दर वजा १) इतक्या वेळा निम्मं करायचं. दर ३ ते १५ चालतात, म्हणजे ८१९२ पासून २ हर्ट्झपर्यंत. १ आणि २ हे दर सूत्रात बसत नाहीत, ते २५६ आणि १२८ हर्ट्झ देतात, तिकडे जाऊ नका. वरच्या अर्ध्या भागातले तीन डीव्ही बिट ०१० असेच राहायला हवेत. ते बिघडले तर भागाकाराची साखळीच थांबते आणि घड्याळ गोठतं.

मग हेक्स ८बी देऊन रजिस्टर बी वाचा, हेक्स ८बी परत द्या, आणि वाचलेल्या किमतीत सहावा बिट (हेक्स ४०) लावून लिहा. दोनदा इंडेक्स देणं विसरू नका, एकदा दिलेला इंडेक्स पुढच्या व्यवहारापर्यंत टिकेल असं धरून चालायचं नाही. त्यानंतर रजिस्टर सी एकदा वाचून टाका. बायोसने किंवा मागच्या बूटने आधीच उठवून ठेवलेला झेंडा असेल तर तार धरलेलीच असते, आणि मग तुमचा पहिला इंटरप्टसुद्धा येणार नाही. सगळ्यात शेवटी पिकचे मास्क उघडा: स्लेव्हचा बिट ०, आणि मास्टरचा बिट २. मास्टरचा बिट २ म्हणजे कॅस्केड, स्लेव्ह मास्टरला जोडणारी तार. तो बंद असेल तर स्लेव्हवरचं काहीच पोचत नाही, आणि माणूस आरटीसीत चूक शोधत बसतो.

ईओआय आधी स्लेव्हला हेक्स ए० वर, मग मास्टरला हेक्स २० वर.

काणकोणची_फेणी

एक बाळबोध प्रश्न. आरटीसीचा इंटरप्ट घ्यायचाच कशाला? बूट होताना एकदा तारीख-वेळ वाचायची, पुढे टीएससी (सीपीयूमधला ठोक्यांचा गणक) मोजत बसायचं. सगळे तेच करतात.

तिसवाडी३२

फेणीबाब, तुमच्या मुद्द्याकडे येतो, आधी ८० चं बघू, कारण बूटच्या वेळी एकदाच वाचलं तरी तो खड्डा तिथेच आहे.

८० हा आकडा योगायोगाने आलेला नाही. रजिस्टर डी मध्ये एकच कामाचा बिट असतो, सातवा, व्हीआरटी. सेल ठीक आहे एवढंच तो सांगतो. सेल ठीक असेल तर डी ची किंमत हेक्स ८०. तुमचं कोड ती तासाची किंमत समजून बीसीडीतून (अर्ध्या-अर्ध्या बाइटात एकेक दशमान अंक) उलगडतं: वरचा अर्धा ८, खालचा ०, झाले ८०. म्हणजे तुम्ही तास वाचायला गेलात आणि डी वाचून आलात.

का, तर इंडेक्स आणि डेटा या दोन पायऱ्या आहेत आणि मधली जागा उघडी आहे. तुमचं मुख्य कोड हेक्स ७० ला ४ देतं, म्हणजे ‘तास’. तेवढ्यात आयआरक्यू ८ येतो. हँडलर हेक्स ७० ला सी देतो, वाचतो, रिवाजाप्रमाणे डी देऊन परत जातो. मुख्य कोड सुखाने हेक्स ७१ वाचतं. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरी समजून चढावं, आणि मध्ये कोणीतरी पाटी बदलून ती दिवाडीला वळवावी, तसं. उतरणाऱ्याचा काही दोष नाही. जुन्या एटीवर हेक्स ७० हे फक्त लिहायचं पोर्ट आहे, त्यामुळे ‘आधी काय होतं ते जपून ठेवतो आणि परत लावतो’ हा सोपा मार्ग हँडलरला नाही.

दोन-तीन मिनिटांत एकदा हेही हिशेबात बसतं. १०२४ हर्ट्झ म्हणजे दर ९७७ मायक्रोसेकंदाला एक इंटरप्ट. आउट आणि इनच्या मधली खिडकी साधारण १ मायक्रोसेकंद धरा. म्हणजे एका वाचनाला हजारात एकची शक्यता, सेकंदाला सहा वाचनं. सरासरी १६० सेकंदांत एकदा. ८१९२ हर्ट्झ लावलंत तर वीस सेकंदांत एकदा दिसेल. चूक पकडायची असेल तेव्हा मुद्दाम तसं करा, दुरुस्ती खरंच झाली की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

इंडेक्स डी ऐवजी सी वर सोडून जाणारा हँडलर याहून वाईट. मजा बघा: मुख्य कोड वेळ वाचण्याआधी रजिस्टर ए चा सातवा बिट, यूआयपी, बघतं. तो १ असेल तर घड्याळ पुढे सरकायच्या बेतात आहे, थांबा. त्या क्षणी इंडेक्स डी वर गेला तर सातवा बिट १ च मिळतो, कोड एक फेरी जास्त थांबतं, नुकसान शून्य. सी वर गेला तर नुकत्याच पुसलेल्या झेंड्यांचं ० मिळतं, आणि कोड ‘मोकळं आहे’ समजून ऐन बदलात वाचायला घुसतं. एटीच्या काळातला तो रिवाज उगाच नव्हता. डी केवळ वाचायचं रजिस्टर असल्यामुळे चुकून काही लिहिलं गेलं तरी ते वाया जातं, हाही त्यातला फायदा.

दुरुस्ती: इंडेक्स आणि डेटा हा एकच व्यवहार समजून एका फंक्शनमध्ये कोंडा. फंक्शन आत शिरताना फ्लॅग जपून इंटरप्ट बंद करील, बाहेर पडताना जपलेले फ्लॅग परत लावील. सरळ एसटीआय (इंटरप्ट उघडणारी आज्ञा) करू नका. हेच फंक्शन हँडलरमधूनही हाक मारलं जाईल, आणि तिथे इंटरप्ट अवेळी उघडले तर एकात एक हँडलर चालून स्टॅक भरेल.

म्हापशेकर

किंवा इंडेक्सचा सातवा बिट लावून एनएमआयही (इंटरप्ट बंद असतानाही येणारा तातडीचा इंटरप्ट) बंद करा, म्हणजे सगळीच दारं बंद. मी वर हेक्स ८ए, ८बी दिलं ते त्यासाठीच.

तिसवाडी३२

सगळी नाही, इथे जरा थांबा. हेक्स ७० चा सातवा बिट चिपसेटकडून बाहेरून येणारा एनएमआय झाकतो: मेमरी पॅरिटी, बसवरची चूक, या जातीचा. लोकल एपिकच्या (कोअरच्या स्वतःच्या इंटरप्ट-नियंत्रकाच्या) कार्यमापन गणकातून उठणारा एनएमआय त्याला जुमानत नाही. वॉचडॉग (मशीन अडकलं का ते बघणारा पहारेकरी) बहुधा त्यावरच चालतो. म्हणून नियम सोपा ठेवा: एनएमआय हँडलरमधून हेक्स ७० ला हातच लावायचा नाही. लिनक्सच्या ३२ बिटी एक्स८६ शाखेत यासाठी वेगळीच युक्ती आहे, सीमॉसला (आरटीसी चिपमधल्या, सेलवर टिकणाऱ्या मेमरीला) हात लावणारं कोड कोणत्या कोअरने कोणता इंडेक्स दिला ते एका चलात लिहून ठेवतं, म्हणजे एनएमआयला जाताना तो परत लावता येतो. शिकाऊ कर्नलला एवढं नको.

आणि सातवा बिट लावलात तर तो काढायलाही हवा. शेवटचा व्यवहार सातव्या बिटाशिवायच्या इंडेक्सने करा, आणि त्यानंतर हेक्स ७१ एकदा वाचा. नाहीतर एनएमआय कायमचा झाकलेला राहतो आणि मेमरीत खरंच चूक झाली त्या दिवशी मशीन काही न बोलता सडका डेटा डिस्कवर लिहीत बसतं.

दोन कोअर चालू कराल तेव्हा नुसतं सीएलआय (इंटरप्ट बंद करणारी आज्ञा) पुरणार नाही, ते आपल्याच कोअरपुरतं असतं. एक स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत गोल फिरत वाट बघायला लावणारं कुलूप), आणि तो घेताना त्या कोअरचे इंटरप्ट बंद. दोन्ही एकदम. इंटरप्ट चालू ठेवून लॉक घेतला आणि त्याच कोअरवर आयआरक्यू ८ आला, तर हँडलर त्याच लॉकची वाट बघत गोल फिरत राहील आणि लॉक सोडणारा खाली दबलेला. लिनक्समध्ये आरटीसी-लॉक नावाचा एकच जागतिक स्पिनलॉक आहे आणि एनव्हीरॅम (तीच सीमॉस मेमरी) वाचणारं कोडसुद्धा तोच घेतं. तोच घ्यायला हवा. इंडेक्स एक, तर लॉक एक.

मांडवीकाठ

लिहितानाची बाजू राहिली. सीमॉसचे हेक्स १० ते २डी हे बाइट बायोसच्या सेटिंगचे, आणि त्यांची बेरीज हेक्स २ई-२एफ मध्ये. तुमच्या कर्नलचा एक धागा तिथे काही लिहीत असताना दुसऱ्याने इंडेक्स हलवला, की बेरीज जुळत नाही. पुढच्या बूटला ‘चेकसम एरर’, सेटिंग मूळपदावर, आणि सगळे सेलला दोष देतात. सेल बदलतात, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता तिसरी अडचण. यात तुमचं कोड चुकलेलं नाही, तारच पळवली गेलीय.

एचपीईटीच्या सामान्य रचना रजिस्टरमध्ये, म्हणजे एचपीईटीच्या सुरुवातीच्या पत्त्यापासून हेक्स १० वर, दोन बिट असतात. बिट ० ने गणक चालू होतो. बिट १ म्हणजे ‘जुन्या वाटेची बदली’. तो लावलात की एचपीईटीचा टायमर ० पीआयटीची जागा घेतो आणि टायमर १ आरटीसीची. आयआरक्यू ८ ची तार आता टायमर १ कडे. आरटीसी आतल्या आत ठोके देत राहते, रजिस्टर सी मधला पीएफ (नियमित इंटरप्टचा) झेंडाही उठतो, फक्त तो कोणापर्यंत पोचत नाही. खात्री करायची तर एचपीईटी चालू असताना रजिस्टर सी नुसतं वाचत बसा. पीएफ उठलेला दिसेल.

बहुतेक नमुना कोडमध्ये त्या रजिस्टरला थेट ३ लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही बिट. तुम्हीही तेच केलं असणार.

पर्याय दोन. एक: फक्त १ लिहा. मग पीआयटी आणि आरटीसी आपापल्या तारांवर राहतात आणि एचपीईटीचे टायमर आयओ-एपिकच्या (८२५९ ची जागा घेणाऱ्या नव्या इंटरप्ट-नियंत्रकाच्या) वेगळ्या पायांवर न्यायचे. कोणत्या पायावर जाता येतं ते प्रत्येक टायमरच्या रचना रजिस्टरच्या वरच्या ३२ बिटांत एकेक बिट लावून सांगितलेलं असतं. त्यासाठी ८२५९ सोडून आयओ-एपिकवर यावं लागेल. दोन: बदली राहू द्या आणि आरटीसीचे इंटरप्ट एचपीईटीच्या टायमर १ वरून सोंग घेऊन चालवा. लिनक्स हेच करतं. बूटच्या नोंदींत आरटीसी-सीमॉसच्या ओळीत शेवटी ‘एचपीईटी आयआरक्यूज’ दिसलं की समजायचं सोंग चालू आहे. सोंगाची एक किंमत असते: टायमर १ चा हँडलर उशिरा पोचला तर काही ठोके हुकतात, आणि नोंदीत ‘एचपीईटी१: लॉस्ट’ आणि किती आरटीसी इंटरप्ट्स हुकले तो आकडा येतो.

कुळागर (फोंडा)

मांडवीकाठ ताई, बरोबर, ३ च लिहिलं होतं. १ केल्यावर आयआरक्यू ८ परत आला. तिसवाडी बाब, फंक्शन कोंडलं, ८१९२ हर्ट्झवर तासभर चालवलं, ८० एकदाही नाही. देव बरें करूं.

पण आता नवीनच. क्वचित, म्हणजे तासाभरात एकदा, वेळ ११:००:०० च्या जागी १०:००:०० किंवा ११:५९:५९ दिसते. नेमकी तास बदलताना.

तिसवाडी३२

हा दुसरा रोग, त्याच घरातला.

यूआयपी १ होतो तो प्रत्यक्ष बदलाच्या किमान २४४ मायक्रोसेकंद आधी. बदल चालतो तो जास्तीत जास्त १९८४ मायक्रोसेकंद. म्हणजे तुम्ही यूआयपी ० बघितला त्या क्षणापासून तुमच्याकडे खात्रीचे २४४ मायक्रोसेकंद आहेत. सहा फील्ड वाचायला वीसेक मायक्रोसेकंद पुरतात, भरपूर जागा. पण तुम्ही एकेका व्यवहारापुरते इंटरप्ट बंद करताय, यूआयपी बघणं आणि सहा वाचनं या सगळ्यांपुरते नाही. मध्येच एखादा लांबलचक हँडलर चालला, सीरियल पोर्टवर अक्षरं छापणारा वगैरे, की २४४ उडाले. मग काही फील्ड जुनी, काही नवी.

उपाय म्हणून यूआयपी बघण्यापासून शेवटच्या फील्डपर्यंत इंटरप्ट बंद ठेवा. यूआयपी १ निघाला तर मात्र इंटरप्ट उघडा, थोडं थांबा, मग नव्याने. दोन मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवून गोल फिरत राहिलात तर १००० हर्ट्झच्या पीआयटीचा ठोका हुकेल, पिक एकाच तारेचे दोन ठोके साठवत नाही. शिवाय मशिनचा बायोस एसएमएम मध्ये (कर्नलला नकळत बायोसचं कोड चालवणाऱ्या स्थितीत) जाऊन वेळ खाऊ शकतो आणि त्याला सीएलआय अडवत नाही. म्हणून वर आणखी एक खबरदारी: पूर्ण संच दोनदा वाचा, सलग दोन संच तंतोतंत जुळले तरच धरा. थांबण्याला मर्यादा घाला. सेल गेलेल्या किंवा क्रिस्टल बंद पडलेल्या बोर्डावर यूआयपी १ वरच अडकू शकतो आणि कर्नल बूटच होत नाही.

आणि उलगडण्याआधी रजिस्टर बी बघा. बिट २ लावलेला असेल तर किमती बायनरी, नसेल तर बीसीडी. बिट १ लावलेला असेल तर २४ तासी. १२ तासी असेल तर तासाचा सातवा बिट म्हणजे दुपारनंतर. तो आधी काढून मग बीसीडी उलगडायचा, उलट केलंत तर दुपारचे दोन ८२ होतात. रात्रीचे बारा म्हणजे ०, हेही हाताने करावं लागतं. हे बिट तुमच्या सोयीने बदलू नका, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला आणि बायोसला ते जसे होते तसेच हवे असतात.

पणजी_रात्रपाळी

मध्येच बोलतो. घड्याळ नेमकं साडेपाच तास पुढे किंवा मागे दिसत असेल तर यातलं काहीही शोधू नका. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स बहुधा यूटीसी. दोन्ही एकाच मशिनवर असतील तर आपल्याकडे फरक बरोब्बर ५ तास ३० मिनिटांचा येतो. इंटरप्टच्या भांडणातली चूक अशी गोल आकड्याची नसते.

काणकोणची_फेणी

माझा प्रश्न तसाच राहिला. :)

तिसवाडी३२

राहिला खरा. अर्धं तुमचं बरोबर आहे. चालू मशिनवर वेळ मोजायला टीएससी उत्तम, अट एकच: तो अचल, म्हणजे एकाच चालीने चालणारा हवा. सीपीयूआयडीचं (सीपीयूची माहिती देणाऱ्या आज्ञेचं) पान हेक्स ८०००००००७, ईडीएक्सचा बिट ८. तो नसेल तर वारंवारता बदलली किंवा सीपीयू गाढ झोपला की टीएससीची चाल बदलते.

पण टीएससीला स्वतःची वारंवारता ठाऊक नसते, कोणाशी तरी ताडून बघावी लागते. आणि तिथे परत जुनी मंडळीच कामाला येतात. पीआयटीचा चॅनल २ घ्या. त्याचं दार पोर्ट हेक्स ६१ च्या बिट ० वर, निकाल बिट ५ वर, इंटरप्टची गरज नाही, म्हणून भांडणही नाही. भाजक ११९३२ म्हणजे १० मिलिसेकंद. आधी-नंतर टीएससी वाचा. तीनदा करा आणि सगळ्यात लहान उत्तर घ्या, मोठी उत्तरं एसएमएम ने फुगवलेली असतात.

मांडवीकाठ

एक सुधारणा: पान हेक्स ८००००००७, शून्यं सहा. तुमच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलंय.

तिसवाडी३२

मान्य, सहाच. धन्यवाद. नऊ अंकी पान मागितलं असतं तर कंपायलरनेच कान पकडला असता.

म्हापशेकर

पीआयटीचा विषय निघालाच आहे तर कुळागरबाब, तुमचा भाजक ११९३ सुद्धा बघा. पीआयटीची मूळ वारंवारता ११९३१८२ हर्ट्झ. ११९३ ने भागलं तर १०००.१५ हर्ट्झ. प्रत्येक ठोका १ मिलिसेकंद धरलात तर घड्याळ दिवसाला १३ सेकंद पुढे जाईल. १०० हर्ट्झला भाजक ११९३२, तिथे चूक दिवसाला १.३ सेकंद, मागे. १००० हवेच असतील तर ठोक्याला १ मिलिसेकंद न मोजता ९९९८४७ नॅनोसेकंद मिळवा. नाहीतर आरटीसी आणि पीआयटी यांची तुलना करून तुम्ही न झालेला इंटरप्ट हुकल्याचा अहवाल द्याल.

पीआयटी वाचण्यातही हीच दोन पायऱ्यांची गोची आहे. पोर्ट हेक्स ४३ ला ० देऊन चॅनल ० कुलूपबंद करायचा, मग हेक्स ४० वरून आधी खालचा बाइट, मग वरचा. मध्ये हँडलरनेही तेच केलं तर खालच्या-वरच्याची पाळी चुकते आणि तुम्हाला वेळ मागे गेल्यासारखी दिसते. आरटीसीच्या लॉकसारखाच याला वेगळा लॉक.

मांडवीकाठ

एचपीईटीवरही. ३२ बिटी कर्नलमध्ये ६४ बिटी गणक दोन तुकड्यांत वाचावा लागतो. वरचा, खालचा, पुन्हा वरचा. वरचे दोन जुळले नाहीत तर परत. इथे इंटरप्टचा संबंधही नाही, गणक स्वतःच मधल्या वेळात हातचा पुढे नेतो.

दुसरं, याहून छळवादी. एचपीईटीचा एकवेळचा टायमर ‘गणक अमुक आकड्याला पोचला की’ असा चालतो, ‘ओलांडला की’ असा नाही. तुम्ही अगदी जवळचा आकडा लिहिलात आणि लिहीपर्यंत गणक पुढे गेला, तर पुढची गाठ थेट पूर्ण फेरी मारून. ३२ बिटी टायमर, १४.३१८१८ मेगाहर्ट्झ गणक: फेरी ३०० सेकंदांची. मशीन गोठतं आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही असं पुढे चालू लागतं. बरोबर पाच मिनिटांचं गोठणं दिसलं की दुसरीकडे शोधू नका. आकडा लिहिल्यावर गणक परत वाचा, फरक फारच थोडा किंवा ऋण असेल तर लांबचा आकडा लिहून पुन्हा.

गणकाचा वेग गृहीत धरू नका. क्षमता रजिस्टरच्या वरच्या ३२ बिटांत एका ठोक्याची लांबी फेम्टोसेकंदात असते, १४.३१८१८ ला ती ६९८४१२७९. वेगळ्या मशिनवर वेगळी निघते.

कुळागर (फोंडा)

फेम्टोसेकंदातून भागाकार ३२ बिटांत मावत नाही, त्यावर वेगळं रडेन. आता आयओ-एपिकवर जायचा विचार आहे. आयआरक्यू ८ साठी काही बदलतं?

तिसवाडी३२

पाय ८ च राहतो, एज, ॲक्टिव्ह हाय, म्हणजे आयएसएचा (जुन्या पीसी बसचा) मूळ नियम. पण आंधळेपणाने धरू नका, एसीपीआयच्या (फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं त्या व्यवस्थेच्या) एमएडीटी या इंटरप्टच्या तक्त्यात बदलाची नोंद आहे का ते बघा. आयआरक्यू ० ची नोंद जवळपास सगळीकडे सापडेल, पीआयटी पाय ० वर नसून पाय २ वर असतो. ती न वाचता पाय ० उघडून ‘टायमर मेला’ म्हणणारे धागे इथे दर महिन्याला निघतात.

८२५९ चे सगळे मास्क लावा, पण त्याआधी व्हेक्टर मात्र हेक्स २० आणि २८ वर नेऊनच. मास्क लावलेल्या पिककडूनही खोटा आयआरक्यू ७ किंवा १५ येऊ शकतो, आणि मूळ जागी राहिलेला आयआरक्यू ७ म्हणजे व्हेक्टर १५, सीपीयूच्या अपवादांच्या हद्दीत. तसाच आयआरक्यू ० राहिला तर तो व्हेक्टर ८, आणि प्रत्येक ठोका ‘डबल फॉल्ट’ म्हणून दिसतो.

अलार्म वापरणार असाल तर आणखी एक वाटेकरी: एसीपीआयच्या पीएम१ रजिस्टरांमधला बिट १०. अलार्म वाजला की तोही उठतो, आणि चालू केलेला असेल तर एससीआय (एसीपीआयचा इंटरप्ट) येतो, बहुधा आयआरक्यू ९ वर. तिथे १ लिहून तो पुसायचा. रजिस्टर सी वाचून तो पुसला जात नाही, पीएम१ पुसून सी पुसलं जात नाही.

पणजी_रात्रपाळी

जुन्या बोर्डांचं एक. पावसात चार महिने दमट हवेत पडून राहिलेल्या बोर्डावर क्रिस्टलच्या पायांभोवती खारट थर बसतो. ३२.७६८ किलोहर्ट्झचं ते सर्किट फार दुबळ्या प्रवाहावर चालतं, थोड्या गळतीनेही मंदावतं किंवा बंद पडतं. आयसोप्रोपिलने पुसा, पूर्ण वाळवा. सीआर२०३२ मोजताना मशीन बंद आणि वीज काढलेली हवी, नाहीतर बोर्डाचीच वीज मोजाल. हे सांगायचं कारण, वर कोणी यूआयपी अडकण्याचं लिहिलंय. कोडमध्ये शोधण्याआधी बायोसच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकतात का बघा. ते सरकत नसतील तर धागा हार्डवेअर विभागात हलवा.

काणकोणची_फेणी

मग हे सगळं करून नव्या लॅपटॉपवर चालेल ना?

मांडवीकाठ

आधी एसीपीआयच्या एफएडीटी तक्त्यातलं बूट-रचनेचं फील्ड वाच रे. बिट ५ लावलेला असेल तर ‘सीमॉस आरटीसी नाही’ असा अर्थ. अशा मशिनवर हेक्स ७० आणि ७१ ला हात लावायचाच नाही, वेळ यूईएफआयच्या (बायोसची जागा घेणाऱ्या फर्मवेअरच्या) सेवेतून किंवा एसीपीआयच्या वेळ-अलार्म उपकरणातून घ्यायची. शतकाचं रजिस्टरही त्याच तक्त्यात सांगितलेलं असतं. ते ० असेल तर शतकाचं रजिस्टर नाही. हेक्स ३२ असं ठोकून देऊ नका.

आणि एचपीईटीवर फार भिस्त नको. कॉफी लेक पिढीच्या इंटेल मशिनवर सीपीयू खोल झोपेत गेला की एचपीईटीचा गणक थांबतो, म्हणून लिनक्सने तिथे तो बंदच करून टाकलाय. कुळागरबाब, तुमचा डेस्कटॉप त्याच्या आधीचा दिसतोय, तुम्हाला सध्या धोका नाही. फेम्टोसेकंदाच्या भागाकाराचा नवा धागा काढा, त्यात ६४ बिटी गुणाकार आणि शिफ्टने भागाकार टाळायची रीत सविस्तर लिहिते.